संक्रांतीआधी आजींच्या डोक्यावरचं धाबं उतरवू नका

पत्र : आमचं घर शिरपूर तालुक्यात, तापीकाठच्या गावात आहे. पुढे ओसरी आणि चौदा फूट रुंदीची बैठक, मागे माजघर आणि स्वयंपाकघर, सगळं धाब्याचं, म्हणजे लाकडांवर आणि फळ्यांवर माती अंथरलेल्या सपाट छपराचं. यंदा बैठकीत चार ठिकाणी गळतंय. कानबाईच्या सणासाठी भिंतींना पोतारा दिला, तर आठ दिवसांत ओल वर आली. पुढचा भाग पाडून स्लॅब टाकायचा आणि मागचं धाबं दुरुस्त करून घ्यायचं, असं ठरवलं आहे. फक्त कधी करायचं यावर घरात एकमत होत नाही. ठेकेदार म्हणतो, आत्ताच सुरू करा, पावसाळ्यात मजूर रिकामे असतात, स्वस्तात करून देतो, स्लॅब आहे त्याच भिंतींवर टाकू. मुलगा कॅनडात असतो, तो म्हणतो, तिकडे सगळी बांधकामं उन्हाळ्यात होतात, मे महिन्यात करा, नाहीतर मी जुलैत येतो तेव्हा. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, त्यांना दमा आहे. त्या म्हणतात, "माले हीव वाजस" (मला थंडी वाजते), संक्रांत होईपर्यंत घर उघडं करायचं नाही. कुणाचं ऐकू? (एक वाचक भगिनी, शिरपूर तालुका)

ताई, बाकी सगळं नंतर वाचा, आधी ठेकेदाराला निरोप द्या की पाऊस संपेपर्यंत धाब्याला हात लावायचा नाही. मातीच्या भिंतीला वरून छप्पर आहे तोवर ती शंभर वर्षं उभी राहते. तेच छप्पर भर भाद्रपदात उतरवलं आणि रात्री एक सर आली, की पाणी भिंतीच्या डोक्यातून आत शिरतं. अशी भिंत आधी फुगते आणि मग बसते, आणि बसताना सांगून बसत नाही. तीस वर्षं बांधकामावर घालवलेला माणूस म्हणून सांगतो, स्वस्तातल्या कामाची ही किंमत कुठल्याही घराला परवडणारी नाही. मोकळ्या प्लॉटवर कॉलमचं नवं घर असतं, तर पावसाळ्याला माझा इतका विरोध नव्हता. स्लॅबला पाणी आपोआप मिळतं, हे ठेकेदाराचं म्हणणं तिथे खरं आहे. तुमचं घर जुनं आहे, मातीचं आहे आणि त्यात माणसं राहतात.

दुसरं, त्याच भिंतींवर स्लॅब टाकायचा नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत धाब्याचा भार बहुधा लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असतो, भिंत नुसती आडोशाला असते. खांब काढून पाच इंची स्लॅब भिंतीवर ठेवला, की जिने आजवर ओझं उचललं नाही तिच्या डोक्यावर ते एकदम येतं. चौदा बाय वीसच्या खोलीचा स्लॅब आठ टनांच्या वर भरतो. त्याला पाया, कॉलम आणि बीम हवेत. इंजिनिअरचा नकाशा करून घ्या, ग्रामपंचायतीची परवानगी काढा. याला भादवा आणि अश्विन असे दोन महिने हाताशी आहेत, घाई नाही.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. तो चुकीचं सांगत नाही, पण ते तिकडच्या मातीतलं आहे. कॅनडात थंडीत पारा शून्याच्या खूप खाली जातो. ताज्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं की ते आकारमानाने साधारण ९ टक्क्यांनी वाढतं आणि काँक्रीट आतून फोडून टाकतं. जमिनीतलं पाणीही गोठतं, जमीन फुगून वर येते. म्हणून ओंटारियोसारख्या प्रांतात पाया साधारण चार फूट खाली नेतात, गोठणाऱ्या थराच्या खाली. उघड्यावरची कामं ते लोक वसंतापासून पानगळीपर्यंत उरकतात आणि थंडीत दारं लावून आतली कामं करतात. त्यांच्यासाठी ते अगदी बरोबर आहे.

आपल्याकडे पाणी गोठून घात करत नाही, उडून जाऊन करतं म्हणा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तुमच्याकडेही फार वेगळं नसतं. सिमेंट घट्ट होतं ते वाळून नव्हे, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने. पाणीच उडालं तर ती क्रिया अर्धवट राहते. भारतीय मानकांत ४० अंशांच्या वरच्या हवेतल्या काँक्रीटसाठी वेगळे नियमच आहेत, तसेच ५ अंशांच्या खालच्या हवेसाठीही आहेत. आपला मे पहिल्या नियमात बसतो. आपली थंडी, सातपुड्यातली डाब-तोरणमाळसारखी उंचावरची गावं सोडली, तर दुसऱ्या नियमापर्यंत सहसा पोचत नाही. धुळ्यात एखाद्या पहाटे पारा सहा-सात अंशांवर येतो, पण त्याच दिवशी दुपारी अंगात स्वेटर नको वाटतो.

माझ्या स्वतःच्या घराचा स्लॅब मी वैशाखात टाकला होता. भावाची सुट्टी तेव्हाच होती, एवढं एकच कारण. सकाळी सहाला सुरू करायचं ठरलं होतं, मिक्सर आला साडेनऊला, शेवटची पाटी पडली तेव्हा दीड वाजून गेला होता. संध्याकाळी वर जाऊन पाहिलं तर नांगरलेल्या रानाला उन्हाळ्यात पडतात तशी बारीक भेगांची जाळी स्लॅबभर पसरलेली. टँकरने पाणी आणून चौदा दिवस भिजवला, पण पहिल्या काही तासांत गेलेलं परत येत नाही. आषाढात पंख्याच्या हुकाशी एक थेंब जमायचा, हळूहळू फुगायचा आणि बरोबर आईच्या गोधडीवर पडायचा. पलंग सरकवला तर दुसरीकडे थेंब. त्या गळतीमागे पुढची कित्येक वर्षं गेली. मे महिन्याचं नाव काढलं की मी इतका ठाम का होतो, ते तुम्हाला यावरून कळेल. शिवाय मे महिन्यात कित्येक गावांना आठ-आठ दिवसांनी नळ येतो, स्लॅबला पाणी मारायचं कुठून?

म्हणजे उरला हिवाळा. आणि इथे सासूबाईंचं म्हणणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्या मुहूर्ताचं बोलत असतील असं तुम्हाला वाटलं असेल. मला तर त्या आपल्या छातीचं बोलताहेत असं दिसतं. पौषातल्या रात्री, दमा असलेल्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं नाही, हे पक्कं. पण त्यासाठी सगळंच काम संक्रांतीनंतर ढकललं, तर प्लास्टर आणि रंग एप्रिलच्या उन्हात सापडतील. म्हणून कामाचे दोन तुकडे करा. पुढचा भाग तुळशीच्या लग्नानंतर लगेच सुरू होऊ द्या. आजी मागच्या माजघरात, जुन्या धाब्याखालीच राहतील. ते धाबं गळत असेल, पण हिवाळ्यात पाऊस क्वचितच पडतो, आणि फूटभर मातीचं छप्पर थंडीत जेवढी ऊब धरून ठेवतं तेवढी कुठलाच स्लॅब धरत नाही. त्यांच्यासाठी घरातली सगळ्यात चांगली खोली सध्या तीच आहे. पुढचं पाडलं की माजघराचा दर्शनी दरवाजा उघड्यावर येईल, तिथे आधीच पक्क्या विटांची किंवा निदान पत्र्याची आडभिंत घालून घ्या. नुसतं प्लास्टिक लावू नका, उत्तरेचा वारा ते दोन रात्रींत फाडतो. आणि पाडण्याची धूळ दम्याला फार वाईट, ते चार दिवस आजींना लेकीकडे पाठवा.

पाऊस आहे तोवर एक काम मात्र आत्ताच करायचं. जिथे जिथे गळतं तिथे छताला आणि भिंतीला गेरूने खूण करा, शेजारी तारीख लिहा. दिवाळीत सगळं कोरडं झाल्यावर कुठलाही मिस्त्री आला तरी तो अंदाजच करेल, आज घर स्वतः दाखवतंय. भिंतीला ज्या भेगा आहेत, त्यांच्यावर काचेची अरुंद पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटची एकेक टिकली लावा. भिंत हलत असेल तर काच तडकते. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तुमच्या शेतात वैशाखात भेगेत हात जातो ना, तीच माती घराखालीही आहे. मुलाला हे सांगा, त्याला पटेल : तिकडे जे काम बर्फ करतो, जमीन उचलायचं आणि सोडायचं, ते इकडे पाऊस आणि ऊन मिळून करतात. तिकडे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली नेतात, इकडे तो काळ्या मातीच्या खाली, मुरमापर्यंत न्यावा लागतो. किती खोल ते इंजिनिअर खड्डा घेऊन सांगेल. खणलेली काळी माती परत पायात भरू देऊ नका, भरावाला मुरूमच हवा, आणि घराभोवती सिमेंटचा उतरता पट्टा करून पागोळ्यांचं पाणी पायापासून दूर काढा.

कार्तिकात जमिनीत ओल असते पण चिखल नसतो, खणायला तो उत्तम काळ. अडचण मजुरांची आहे. त्याच दिवसांत कापसाची वेचणी जोरात असते, बिगारी बाया शेतात जातात, आणि मिस्त्री असूनही हाताखाली माणूस नाही अशी पाळी येते. म्हणून दसऱ्यालाच टोळी ठरवा, थोडी उचल द्या. वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात, नव्या विटा यायला वेळ लागतो. पहिल्या महिन्याच्या विटा आधीच सांगून ठेवा. सिमेंट मात्र साठवू नका. गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं ते वाचा. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी परत करा, गाठी झालेली तर दारातूनच.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कॉलम उभे राहतील आणि अखेरच्या आठवड्यात स्लॅब पडेल. हा आठवडा मी मुद्दाम सांगतोय. तिकडे नाताळाच्या सुट्ट्या असतात, तुमचा मुलगा येऊ शकेल. जुलैतली रजा त्याला डिसेंबरात घ्यायला सांगा, स्लॅबच्या दिवशी घरचा माणूस वर उभा असण्याइतकं मोलाचं काही नाही. धनुर्मास लागलेला असेल, पण कामाचा नारळ कार्तिकातच फुटलेला असल्यामुळे अडचण नसावी. तरी शेवटचा शब्द सासूबाईंचा राहू द्या. स्लॅबच्या सळईत आदल्या दिवशी एक जाड कडी बांधून घ्या, बैठकीच्या मधोमध. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोका कुठे बांधायचा हा प्रश्न मग पडत नाही. नंतर भोक पाडून लावलेल्या कडीवर झोक्याचा भार कधी टाकू नये.

थंडीतल्या स्लॅबबद्दल दोन चुका मी वर्षानुवर्षं पाहतोय. पहिली : "थंडी आहे, पाणी मारायची गरज नाही." आपली थंडी कोरडी आहे, ताई. ओठ फुटतात त्या हवेत स्लॅबचं काय होत असेल? दुसऱ्या दिवसापासून वर मातीचे वाफे बांधून पाणी भरून ठेवा, भाजीला करतो तसे, कडेच्या बीमला ओली गोणपाटं गुंडाळा. मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओल हवी, राखमिश्रित पीपीसीला १०, आणि ती १४ पर्यंत न्यावी अशी शिफारस आहे. गावात बहुतेक पीपीसीच मिळतं, म्हणून चौदा धरा. रोजचं पाणी दुपारपर्यंत बदला, रात्री गार पाण्याचा मारा करू नका.

दुसरी चूक जास्त धोक्याची. सेंट्रिंग खोलायची घाई. ठेकेदाराला प्लेटा आणि बल्ल्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, तो म्हणेल सात दिवस झाले, नियमात बसतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात असं मानकात आहे खरं, आणि तुमची चौदा फुटांची बैठक त्यात बसतेही. पण त्याच कलमात अट आहे : सिमेंट साधं हवं, आणि हवेचं तापमान १५ अंशांच्या खाली जाता कामा नये. आपल्या पौषातल्या रात्री १०-१२ अंशांवर सहज येतात, आणि पीपीसी तर थंडीत आणखीच सावकाश ताकद धरतं. तुमचे टेकू पूर्ण २१ दिवस राहू द्या. हे बोलीत नको, करारात लिहून घ्या, आणि प्लेटांचं जादा भाडं द्यावं लागलं तर द्या. म्हणजे सेंट्रिंग निघेल संक्रांतीच्या मागेपुढे. सासूबाईंनी सांगितलेला दिवस तोच आहे.

संक्रांतीनंतर विटांच्या भिंती, वायरिंग, नळ, प्लास्टर. वीट लावण्याआधी भिजवलीच पाहिजे, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी पिऊन घेते. प्लास्टर शक्यतो फेब्रुवारीतच उरका, मार्च अखेरीस भिंतीला दिवसातून चारदा पाणी मारूनही पुरत नाही. फरशीचं काम मार्चच्या आत-बाहेर झालं तरी चालेल. दारं-खिडक्यांची मापं दिवाळीनंतरच द्या, पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाचं माप पुढे दगा देतं. उतरवलेले सागाचे सरे, म्हणजे धाब्याखालची आडवी लाकडं, ठेकेदाराच्या अंदाजावर सोडू नका. जे चांगले निघतील ते नुसते रंधून दाराच्या चौकटींना वापरता येतील.

एक तारीख कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्याचे, म्हणजे आदिवासींच्या होळीच्या सणाचे, बाजार भरतात. तुमच्या भागात बांधकामावर पावरा समाजाची माणसं बरीच असतात. त्या आठवड्यात ती घरी जाणारच, आणि जायलाच हवीत. त्यांचा हिशेब आदल्या दिवशी पूर्ण चुकता करा आणि त्या दिवसांत कुठलंही अर्धं राहू न शकणारं काम धरू नका.

मागच्या धाब्याची दुरुस्ती होळीनंतर. तिथे स्लॅबचा आग्रह धरू नका असं माझं मनापासून सांगणं आहे. मेमध्ये रात्री अकराला स्लॅबच्या खोलीत भट्टी असते आणि धाब्याखाली झोप लागते. कुजलेले सरे बदला, वाळवी पाहा, फळ्यांवरची जुनी माती उकरून ओझं कमी करा आणि वैशाखात, पहिल्या पावसाच्या आधी, नेहमीप्रमाणे खारी माती घाला. पन्हळी लांब काढा. पुढच्या स्लॅबवरही उतार देऊन कोबा करा आणि वरून पांढरा चुना मारा, खोली पुष्कळ निवते. भिंतींचा रंग सगळ्यात शेवटी, प्लास्टरला निदान महिना उलटल्यावर. आखाजीच्या आत होतो.

एका गोष्टीबद्दल मात्र धाक घालून सांगतो. नवी खोली तयार झाली की नव्याच्या कौतुकाने आजींना लगेच तिथे हलवायचा मोह होईल. नव्या प्लास्टरच्या पोटात पाणी असतं, ती गार ओल दम्याला जुन्या गळक्या धाब्यापेक्षा वाईट. आणि खोली लवकर वाळावी म्हणून किंवा ऊब यावी म्हणून दारं लावून आत कोळशाची शेगडी कुणी ठेवत असेल तर हात धरून थांबवा. त्या धुराला वास नसलेल्या विषारी वायूची जोड असते, झोपलेला माणूस उठत नाही. खोली वाळते ती उघड्या खिडक्यांनी आणि दुपारच्या उन्हाने.

ती वाळली की नाही हे पाहायची सोपी रीत आहे. हातभर जाड प्लास्टिकचा चौकोन भिंतीला लावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. सकाळी आतल्या बाजूने दव जमलेलं दिसलं तर भिंतीत अजून पाणी आहे, आठ दिवसांनी पुन्हा लावा. उत्तरेच्या भिंतीवर आणि मोरीला लागून असलेल्या भिंतीवर दोन्हीकडे लावून पाहा, त्या सगळ्यात उशिरा वाळतात. दोन्ही चौकोन कोरडे निघाले, त्या दिवशी आजींचा पलंग पुढच्या खोलीत आणा. मग मागचं धाबं खुशाल उतरवा.